बाकावरचा सौदा

दुधाच्या दुकानासमोर माधवरावांनी गोविंदरावांना पाहिलं आणि उभ्या जागी स्कूटर वळवली. स्टँड लावून झाला होता, हँडलवरची पिशवी हातात आली होती. ती त्यांनी परत अडकवली, स्टँड काढला आणि निजामपुऱ्याच्या सकाळच्या गर्दीत उलट्या बाजूनं घुसून ते दिसेनासे झाले. अडुसष्ट वर्षांचा माणूस असा पळ काढतो तेव्हा बघणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं होतं.

ते दूध न घेताच गेले म्हणून दुकानदार धवल गल्ल्यावरून मान लांब करून बघत होता.

"माधवकाका तो दूध लीधा वगर ज गया. झगडो थयो के शुं?"

"ना रे," गोविंदराव म्हणाले. "कंई याद आव्युं हशे."

त्यांनी आपल्या दोन पिशव्या घेतल्या. माधवरावांची म्हणून आणखी एक उचलली आणि परत ठेवली. ती द्यायला त्यांच्या दारी जावं लागलं असतं, आणि त्या दारी आता सहज जाण्यासारखं राहिलं नव्हतं.

झगडा झाला नव्हता हे खरं होतं. झाला असता तर चार दिवसांत मिटलाही असता, कारण तीस वर्षांत या दोघांनी पुष्कळ भांडून पाहिलं होतं. गोविंदराव बाजव्याच्या बाजूला रिफायनरीत सेफ्टी विभागात होते आणि माधवराव तिथेच पंप दुरुस्तीची छोटी कंत्राटं घ्यायचे. कामगारांनी हेल्मेट घातलं नाही म्हणून एकानं दुसऱ्याचं काम बंद पाडायचं आणि दुपारी त्याच्याच डब्यातली भाकरी खायची, असं ते नातं होतं. पुढे दोघं निजामपुऱ्यात राहायला आले. गोविंदरावांना पेन्शन होतं. माधवरावांना बँकेतल्या ठेवींचं व्याज, आणि ओळखीतून कोणी बोलावलं तर एखाद्या पंपाचं काम.

निवृत्तीनंतर दोघांनाही शेअर बाजाराचं वेड लागलं, पण आपापल्या स्वभावाप्रमाणे. गोविंदरावांनी शेअर घेऊन ठेवले आणि बाजार पडेल या काळजीनं झोप घालवली. माधवरावांचं म्हणणं, बाजार पडत नसतो, जरा टेकतो. अशा दोन माणसांसाठीच ऑप्शन नावाची चीज असते. गोविंदराव दर महिन्याला 'पुट' विकत घेत. ते विम्यासारखंच, ठरावीक हप्ता भरायचा आणि बाजार ठरलेल्या पातळीच्या खाली गेला तर पडझडीचे पैसे विकणाऱ्यानं द्यायचे. माधवराव तेच पुट विकत आणि हप्ता कमावत. दोघं आपापल्या फोनवरून, आपापल्या ब्रोकरमार्फत.

मग एका संध्याकाळी बागेतल्या बाकावर माधवरावांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"म्हणजे तू घेतोस आणि मी विकतो. आणि मधे ब्रोकर, एक्सचेंज, सरकार, सगळे वाहत्या गंगेत हात धुतात. वर माझेच दोन-तीन लाख मार्जिन म्हणून अडकवून ठेवतात. का, तर माझा भरवसा नाही. तुला आहे ना?"

"तुझा नाही तर कुणाचा?" गोविंदराव म्हणाले.

झालं. त्या दिवसापासून सौदा बाकावर होऊ लागला. भाव फोनवर बघायचा, हप्ता पाकिटात घालून द्यायचा, आणि माधवराव त्यातूनच दोघांना सेवउसळ खिलवायचे. आयुष्यभर ज्यांनी सेफ्टी व्हॉल्व्हला बायपास करणाऱ्यांना मेमो दिले, त्या गोविंदरावांना हाही एक बायपासच आहे असं एकदाही वाटलं नाही. मित्राच्या बाबतीत माणूस आंधळा होतो तो असा.

सात-आठ महिने मजेत गेले. मग मार्चमध्ये बाजार पडू लागला आणि पडतच राहिला. त्या दिवसांतही दोघं रोज संध्याकाळी फिरायला जात होते, फरसाणापासून राजकारणापर्यंत सगळं बोलत होते, फक्त त्या एका विषयावर गप्प होते. आपण विषय काढला तर पैसे मागितल्यासारखं होईल, अशी गोविंदरावांना भीड पडली. उद्या बाजार वर येईल, मग कशाला बोला, असं माधवराव म्हणत राहिले. महिनाअखेर सौद्याची मुदत संपली तेव्हा माधवरावांकडून येणं तीन लाखांच्या वर गेलं होतं.

गोविंदरावांना ती रक्कम नको होती असं नाही. त्यांचे शेअर पडले ते पडलेच होते. पण माधवरावांच्या ज्या ठेवी होत्या त्यांतली मोठी ठेव त्यांच्या बायकोच्या, प्रेमलावहिनींच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी होती, हे त्यांना ठाऊक होतं. वहिनी जिना उतरताना कठड्याला धरून एकेका पायरीवर थांबायच्या. ते पैसे घेऊन आपल्याला घास गेला नसता. म्हणून त्यांनी बाकावर बसल्या बसल्या, शक्य तितक्या हलक्या आवाजात सांगून टाकलं.

"माधव, ते जाऊ दे रे. सोडून दे."

माधवरावांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"आठ महिने तुझा हप्ता मोजून खिशात घातला," ते म्हणाले. "तेव्हा म्हणालास का सोडून दे?"

"तसं नाही रे..."

"मग कसं? सौदा आहे तो. मी हरलो की भीक, आणि तू हरलास की हप्ता? इतका खाली नाही गेलेलो मी, गोविंद."

ते उठून गेले. त्याला आता तीन आठवडे होत आले होते. पूर्ण रक्कम हातात नाही तोवर तोंड दाखवायचं नाही, असं त्यांनी मनाशी घेतलेलं दिसत होतं. आणि रक्कम पुरी करायची म्हणजे वहिनींची ठेव मोडायची. मैत्री तरी जाणार होती नाहीतर गुडघा तरी.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर गोविंदरावांच्या मुलीनं, यशश्रीनं हा विषय वडिलांकडून खणून काढला. ती सयाजीगंजातल्या एका ब्रोकरच्या ऑफिसात जोखीम बघायच्या विभागात होती, आणि हे सगळं तिच्या नाकाखाली पण तिला न सांगता चाललं होतं.

"बाबा, तुम्ही दोघांनी बागेत डब्बा चालवला, एक्सचेंजबाहेरचा चोरटा सट्टा," ती म्हणाली. "कायद्यातसुद्धा बसत नाही हे. पोलीस सोडा, मला ऑफिसात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"आम्हाला कुठे धंदा करायचा होता? मधला खर्च वाचवत होतो."

"मधलाच तर सगळा उपयोग असतो." तिनं जेवणाच्या टेबलावरची मिठाची बाटली आणि लोणच्याची बरणी एकमेकांपासून लांब ठेवली आणि मधे पाण्याचा तांब्या ठेवला. "हे तुम्ही, हे काका. मधे क्लिअरिंग हाऊस. तुम्ही काकांकडून घेतच नाही, तांब्याकडून घेता. काका तांब्याला विकतात. समोर कोण आहे ते दोघांनाही माहीत नसतं, आणि माहीत असायची गरजही नसते. काका बुडाले तरी तुमचे पैसे तांब्या देतो."

"तांब्या कुठून देणार?" नलिनीताईंनी विचारलं. त्या टेबल पुसायला आल्या होत्या आणि फडकं घेऊन उभ्याच राहिल्या.

"आधीच घेऊन ठेवलेले असतात, आई. तेच मार्जिन. आणि भाव उलटा गेला की रोज आणखी मागतं. बाजार पडायला लागल्यावर दोन-तीन दिवसांतच काकांना मेसेज गेला असता, पैसे भर. नसते भरले तर त्यांचा सौदा तिथेच कापला असता. वीस-तीस हजारांवर सुटले असते. बाबांचा सौदा चालूच राहिला असता, समोर दुसरा कुणीतरी आला असता."

"आणि तरीही खड्डा पडला तर?"

"तर आधी ब्रोकरच्या खिशातून. तेही पुरलं नाही तर सगळ्या सभासदांनी मिळून एक निधी ठेवलेला असतो, त्यातून."

"म्हणजे भिशी," नलिनीताई म्हणाल्या.

यशश्री हसली. नलिनीताई वीस वर्षं सोसायटीतल्या बायकांची भिशी चालवत होत्या.

"तुझ्या भिशीत चुकतात का कोणाचे हप्ते?" तिनं आईला विचारलं.

"चुकतात की."

"मग?"

"मग काय. जिचा नंबर लागलाय तिला पैसे मिळतात. कोणाचा चुकला ते तिला कशाला कळायला हवं?"

गोविंदरावांनी बायकोकडे पाहिलं. वीस वर्षांत हे त्यांच्या कानावर आलं नव्हतं.

"खरं सांगू का बाबा," यशश्री म्हणाली, "तुमचं चुकलं ते विश्वास ठेवला म्हणून नाही. काका पैसे बुडवणारे नाहीतच. पण तुम्ही पंधरा दिवस रोज शेजारी शेजारी चाललात आणि दोघांनी तोंड उघडलं नाही. क्लिअरिंग हाऊसला भीड नसते. त्यानं पहिल्याच दिवशी मागितले असते."

"भीड भिकेची बहीण," नलिनीताई म्हणाल्या आणि मिठाची बाटली उचलून जागेवर ठेवली. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "त्या मधल्याला दोन्ही बाजूंचं सगळं माहीत असतं?"

"फक्त त्यालाच."

"आणि तो इकडचं तिकडे सांगत नाही."

"नाही सांगत."

संध्याकाळी नलिनीताईंनी साडी बदलली आणि चपला घालता घालता नवऱ्याला विचारलं, "भाऊजींना काय सांगू? तुमचं नक्की म्हणणं काय?"

"एक रुपया नको म्हणावं. वहिनींचं ऑपरेशन होऊ दे. मला तो परत फिरायला यायला हवाय, बास." असं म्हणून त्यांनी पंख्याचं बटण उगाच खालीवर केलं.

"बरं."

दोन गल्ल्या पलीकडे जाऊन यायला नलिनीताईंना चांगले दोन तास लागले. आल्यावर त्या पाणी प्यायल्या.

"उद्यापासून येतील फिरायला," त्या म्हणाल्या. "पण एक अट आहे. त्या विषयाचा एक शब्दही काढायचा नाही. तुम्ही नाही आणि त्यांनीही नाही. काढलात तर मी मधे पडणार नाही."

"कबूल झाला तो? इतक्या सहज?"

"झाले."

गोविंदरावांना रात्री छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी माधवराव बागेच्या फाटकाशी उभे होते. "चल," ते म्हणाले, आणि दोघं चालू लागले. पहिली फेरी अवघडून झाली. दुसऱ्या फेरीत माधवरावांनी कुठल्याशा मंत्र्याला शिवी दिली आणि तिसऱ्या फेरीपर्यंत सगळं जागेवर आलं. त्यानंतर ती वाट कधी चुकली नाही. वहिनींच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन मे महिन्यात व्यवस्थित पार पडलं. गोविंदराव दवाखान्यात जाऊन बसले, डबा पोहोचवून आले.

तरी एक कुसळ त्यांना टोचत राहिलं. माणसाला उदार व्हायचं असतं, पण कोणाच्या ध्यानातही येऊ नये इतकं उदार व्हायचं नसतं. तीन लाख म्हणजे काही थोडे नव्हते. त्यांनी स्वतः गाडी बदलायचा विचार सोडून दिला होता. विषय काढायचा नाही ही अट मान्य, पण माणूस डोळ्यांनी, एखाद्या हातवाऱ्यानं काही तरी दाखवतो. माधवराव काहीच दाखवत नव्हते. उलट सेवउसळीचे पैसे गोविंदरावांनी पुढे केले तर मुकाट्यानं देऊ देत होते. शिवाय आठवड्यातून तीन दिवस ते मकरपुऱ्यात एका कारखान्याचे पंप बघायला जायला लागले होते. म्हणजे येणं वाढलं, देणं उरलं नाही, आणि आभाराचा शब्द नाही. गोविंदरावांना अशा विचारांची लाज वाटायची आणि ते विचार परत यायचे.

"माधवला कमाईची इतकी काय हौस आली या वयात?" एकदा त्यांनी नलिनीताईंना विचारलंही.

"घरात बसून कंटाळत असतील," त्या म्हणाल्या.

ऑगस्टमध्ये एकदा दोघं चार फेऱ्यांऐवजी दोनच फेऱ्या मारून बाकावर बसले. माधवरावांना दम लागला होता. दिवसभर मकरपुऱ्यात एका पंपाचं शाफ्ट बदलवून आले होते आणि बोटांच्या पेरांत ग्रीस तसंच राहिलं होतं. रुमालानं ते पुसत पुसत ते म्हणाले,

"गोविंद, नलिनीवहिनींनी बजावलंय की विषय काढायचा नाही. पण आज विचारतोच. राहवत नाही रे."

"विचार की."

"पोहोचतात ना वेळेवर?"

"काय?"

"हप्ते," माधवराव म्हणाले. "दर पाच तारखेला वहिनींच्या हातात देतो मी. एकदा फक्त दोन दिवस उशीर झाला, कारखान्याचा चेक अडकला होता. तू काही बोलत नाहीस. बोलायचं नाही असं ठरलंय ते कबूल, पण देणाऱ्याला वाटतं ना, पोहोचले की नाही एकदा कळावं."

गोविंदरावांनी चष्मा काढला. बाकापुढून एक बाई कुत्र्याला घेऊन गेली. ती पार वळणापर्यंत गेली तरी चष्मा त्यांच्या हातातच होता.

म्हणजे इतके महिने माधवच्या लेखी आपण त्याच्याकडून दर महिन्याला पैसे घेत होतो. तो साठी उलटून गेल्यावर पुन्हा पंपाखाली आडवा होत होता, आणि आपण ते पैसे निमूटपणे ठेवून घेत होतो. त्याच्या बायकोच्या दुखण्यातसुद्धा एक महिना थांब म्हणालो नव्हतो. असा माणूस समजत होता तो आपल्याला. आणि तरीही रोज फाटकाशी येऊन उभा राहत होता, चल म्हणत होता, आपल्या दुखऱ्या खांद्याची चौकशी करत होता.

सांगून टाकावं, एक रुपयाही मिळालेला नाही आणि नकोही आहे, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. तीन महिने जे उमटावं म्हणून ते माधवरावांच्या चेहऱ्यावर शोधत होते ते त्या एका वाक्यानं उमटलं असतं. आणि मग उद्या फाटकाशी कोणी उभं नसतं.

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"पोहोचतात," ते म्हणाले. "अगदी वेळेवर. त्या वेळी दोन दिवस उशीर झाला तो माझ्या लक्षातही आला नाही."

"नाही ना आला?"

"नाही."

"बरं झालं," माधवराव म्हणाले. त्यांनी मोठा श्वास सोडला आणि रुमालाची घडी घातली. "आणखी बरेच आहेत, पण फिटतील. हात चालतायत तोवर काही चिंता नाही."

"घाई नाही रे."

"तुला नसेल. मला आहे."

घरी आल्यावर गोविंदरावांनी हातपाय धुतले नाहीत. तसेच स्वयंपाकघरात गेले. नलिनीताई टेबलाशी गवार मोडत बसल्या होत्या.

"माधवनं विचारलं," ते म्हणाले.

नलिनीताईंचे हात थांबले. "मग?"

"पोहोचतात म्हणून सांगितलं."

त्यांनी पुढची शेंग उचलली. "बरं केलंत."

गोविंदराव समोरची खुर्ची ओढून बसले. रागवावं असं त्यांना वाटत होतं, पण राग कुठून सुरू करावा ते सापडत नव्हतं.

"कुठे आहेत ते पैसे?"

"प्रेमलाकडे. दर महिन्याला भिशीच्या दिवशी नेऊन देते. डाव्या गुडघ्याची ठेव वाचली, तिच्यातूनच ऑपरेशन झालं. आता उजव्यासाठी साठतायत."

"तिला माहीत आहे सगळं?"

"तिला विचारूनच केलं. त्या दिवशी दोन तास काय मी चहा पीत होते? भाऊजींना द्यायचेच होते, तुम्हाला घ्यायचे नव्हते. मग मी काय करायला हवं होतं?"

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही गप्प राहिला असतात?"

आठ दिवससुद्धा गप्प राहवलं नसतं हे गोविंदरावांना माहीत होतं. माधवचे कष्ट बघून त्यांनी कधीतरी बाकावरच सगळं ओकून टाकलं असतं.

"तो मला हप्ते घेणारा समजतो," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"आणि जन्मभर तसंच समजणार."

"समजू दे की. येतायत ना तरीही फिरायला?"

बाहेर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. गोविंदरावांनी टेबलावर पडलेली गवारीची एक शीर उचलून बोटाभोवती गुंडाळली.

"आता विचारायची सवय लागेल त्याला," ते म्हणाले. "दर पाच तारखेला विचारेल."

"मग दर पाच तारखेला सांगायचं, पोहोचले म्हणून," नलिनीताई म्हणाल्या, आणि न मोडलेल्या गवारीतला अर्धा ढीग त्यांनी नवऱ्याच्या बाजूला सरकवला.